शिकागो आणि कोलोनचे ऑनलाइन शब्दकोश : 'पानी' या एका शब्दावर घासून केलेला रिव्ह्यू

शब्दकोशाचा रिव्ह्यू म्हणून "खूप शब्द आहेत, फ्री आहे, जरूर वापरा" एवढंच लिहिलेलं मी बऱ्याच ठिकाणी वाचलंय आणि त्याचा कुणाला काही उपयोग होत नाही, कारण शब्दकोश किती कामाचा आहे हे एखादा शब्द धरून पार मुळापर्यंत जाऊन आल्याशिवाय कळतच नाही. म्हणून मी एकच नाम घेतलं, हिंदीतलं पानी. ते आलं कुठून, त्याचं लिंग तेच का, त्याचं व्याकरण असं का, हे सगळं फक्त दोन साइट्सवर शोधायचं असं ठरवलं. पहिली अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठाची डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया आणि दुसरी जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठाची डिजिटल संस्कृत शब्दकोशांची साइट. दोन्ही फुकट, लॉगिन नाही, जाहिराती नाहीत. दिसायला दोन्ही अगदी साध्या आहेत, चकचकीत डिझाइनची सवय असेल तर पहिल्यांदा उघडल्यावर थोडं जुनाट वाटेल, पण ते पाच मिनिटांत विसरायला होतं.

पानी हाच शब्द का घेतला ते आधी सांगते. मराठी मुलांना हिंदी शिकवताना सगळ्यात जास्त गोंधळ लिंगाचा होतो हे शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. मुलांना नियम सांगितलेला असतो की हिंदीत ईकारान्त नाम म्हणजे स्त्रीलिंगी, नदी, रोटी, लकड़ी, कुर्सी. मग मूल सरळ "ठंडी पानी" लिहितं, आणि नियमाप्रमाणे त्याचं काही चुकलेलंही नसतं! मग त्याला सांगायचं की पानी, घी, दही, मोती, हाथी हे अपवाद आहेत, पाठ कर. मला हे "पाठ कर" कधीच पटलेलं नाही. अपवाद म्हणून जे सांगतात त्यामागे बहुतेक वेळा एखादं साधं कारण असतं, फक्त ते पुस्तकात दिलेलं नसतं, आणि मोबाइलवरची बहुतेक डिक्शनरी अॅप्स तर नुसती "पानी म्हणजे वॉटर" एवढं सांगून मोकळी होतात, लिंगसुद्धा देत नाहीत.

आधी कोलोन. इथे तीसहून जास्त संस्कृत कोश आहेत पण रोजच्या वापराला दोन पुरतात, मोनियर विल्यम्सचा १८९९ चा आणि वामन शिवराम आपट्यांचा १८९० चा. (मोनियर विल्यम्सचा जन्म मुंबईतला, १८१९ चा, हे फार जणांना माहीत नसतं. आणि आपटे सावंतवाडीकडचे, पुण्याच्या फर्ग्युसनचे प्राचार्य, १८९२ मधे गेले तेव्हा वय जेमतेम चौतीस. एवढ्या वयात एवढं काम, त्या कोशाचं पान उघडलं की दर वेळी हे मनात येतंच.) शोधताना शब्द देवनागरीत टाइप करता येतो, रोमनमधे टाइप करायच्या तीन-चार पद्धतीही चालतात, आणि सिंपल सर्च नावाचा जो प्रकार आहे त्यात ऱ्हस्वदीर्घ चुकलं तरी जवळपासचे शब्द दाखवतो. नवीन माणसाने तिथूनच सुरुवात करावी.

एक गोष्ट मात्र नक्की लक्षात ठेवा, संस्कृत कोशात शब्द प्रातिपदिकाने (विभक्तीचा प्रत्यय लागण्याआधीच्या मूळ रूपाने) लावलेले असतात, म्हणजे "पानीयम्" शोधू नका, "पानीय" शोधा. बरेच जण इथेच अडकतात आणि साइट चालत नाही म्हणून बंद करतात.

पानीय उघडलं की मोनियर विल्यम्समधे सगळ्यात आधी दिसतं एम.एफ.एन. हे संक्षेप न कळल्यामुळे लोक पुढे निघून जातात पण खरी मजा इथेच आहे. एम.एफ.एन. म्हणजे हा शब्द तिन्ही लिंगांत चालतो, म्हणजे तो मुळात विशेषण आहे! पानीय म्हणजे पिण्याजोगं, प्यायचं. पा हा धातू, पिणे, पिबति वाला, आणि त्याला अनीय हा प्रत्यय. पाणिनीचं सूत्रच आहे, तव्यत्तव्यानीयरः (३.१.९६), म्हणजे तव्य आणि अनीय लावून "करण्याजोगं, करायचं" अशा अर्थाचे शब्द होतात. करणीय, दर्शनीय, पूजनीय, रमणीय आपण रोज वापरतो, त्यांच्याच रांगेतला हा पानीय. मग "पानीयं जलम्" म्हणजे प्यायचं पाणी, आणि जलम् नपुंसकलिंगी म्हणून पानीयम् पण नपुंसकलिंगी, आणि पुढे जलम् गळून नुसतं पानीयम् म्हटलं तरी पाणी असाच अर्थ होऊ लागला. मराठीत आपण "जरा प्यायचं आणून दे" म्हणतो आणि पाणी हा शब्द उच्चारतही नाही, अगदी तसंच. मोनियर विल्यम्समधे हे दोन्ही अर्थ एकाखाली एक दिलेत, आधी विशेषण आणि मग एन. म्हणजे नपुंसकलिंगी नाम. आपट्यांनीही तसंच केलंय, आधी विशेषण, मग "-यम्" म्हणून नाम.

अमरकोश पाठ असलेल्यांना वारिवर्ग आठवेल, "आपः स्त्री भूम्नि" ने सुरू होणारी ती पाण्याच्या नावांची माळ, त्यात "अम्भोऽर्णस्तोयपानीयनीरक्षीराम्बुशम्बरम्" असा पानीय मधेच बसलाय. म्हणजे तेव्हाच तो पक्का नाम झालेला होता. आणि त्या पहिल्या तीन शब्दांत केवढं व्याकरण आहे बघा, आपः हा शब्द स्त्रीलिंगी आणि कायम बहुवचनी, एवढ्यात सांगून झालं. पाण्यासाठी संस्कृतमधे इतके शब्द असताना, त्यातही वेदांपासून चालत आलेले आपः आणि उदक असताना, बोलीत टिकून राहिला तो हा "प्यायचं" असा साधा शब्द, हे मला फार आवडतं. हिंदी, मराठी, गुजराती, पंजाबी, बंगाली, नेपाळी सगळीकडे हाच. गोव्याच्या कोंकणीने मात्र उदक जपून ठेवलंय.

कोलोनमधलं मला सगळ्यात आवडणारं फीचर म्हणजे नोंदीवरून छापील पानाचं स्कॅन उघडता येतं. टाइप केलेल्या मजकुरात शंका वाटली की मूळ पान बघायचं, विषय संपला. आणि पान उघडलं की आजूबाजूचं पण वाचलं जातं. पानीयच्या खाली समास दिलेत, त्यात पानीयनकुल आहे, शब्दशः पाण्यातलं मुंगूस, अर्थ ऊद. आपण त्याच प्राण्याला पाणमांजर म्हणतो! पहिलं पद तेच राहिलं, मुंगसाचं मांजर झालं. पानीयशालिका पण आहे, वाटसरूंना पाणी द्यायची जागा, आपली पाणपोई.

आता शिकागो. इथे एकाच ठिकाणी मराठी, हिंदी, उर्दू, संस्कृत, पाली असे कितीतरी कोश आहेत आणि मूळ शोधायच्या कामात ही साइट कोलोनच्याही पुढे आहे, ती मुख्यतः एका कोशामुळे, राल्फ टर्नर यांचा इंडो-आर्यन भाषांचा तौलनिक कोश. हा १९६२ ते १९६६ मधे लंडनहून निघाला. यात वरती संस्कृत शब्द आणि खाली तो शब्द पालीत, प्राकृतात, आणि मग सिंधी पंजाबी नेपाळी बंगाली ओडिया गुजराती मराठी कोंकणी सिंहली, प्रत्येकीत काय झाला ते ओळीने. युरोपभर पसरलेल्या रोमानी लोकांच्या भाषासुद्धा. त्यांच्याकडेही पाण्याला पानीच म्हणतात, शेकडो वर्षांपूर्वी इथून निघून गेलेली माणसं आणि शब्द जसाच्या तसा. ती एक ओळ वाचून मी बराच वेळ तिथेच थांबले होते.

पुस्तकात शोधायचं तर आधी मूळ संस्कृत शब्द माहीत हवा, त्यासाठी डोरोथी टर्नर यांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, १९६९ मधे वेगळा सूचीखंड केला होता. साइटवर ते काम फुल टेक्स्ट सर्च करतो, मराठी रूप रोमन लिपीत टाकायचं आणि ते ज्या ज्या नोंदीत आहे त्या सगळ्या समोर येतात. हे फीचर नसतं तर सामान्य माणसाला हा कोश वापरताच आला नसता.

तर टर्नरमधे प्राकृत रूप मिळतं पाणिअ, पाणीअ, आणि तिथून गोष्ट आपल्या घरापर्यंत येते. प्राकृतात स्वरांमधल्या न चा ण झाला. मराठी, गुजराती, पंजाबी, सिंधीने तो ण ठेवला, हिंदीने आणि पूर्वेकडच्या बहुतेक भाषांनी न म्हणायला सुरुवात केली. म्हणून आपलं पाणी आणि त्यांचं पानी. हिंदी बोलताना आपल्या लोकांच्या तोंडून "पाणी" गेलं की हसतात ना, तर सांगा त्यांना की प्राकृतातला उच्चार हाच होता.

पण याहून भारी गोष्ट म्हणजे मराठीत हा बदल दोन्ही दिशांनी झालाय. संस्कृतात एकटा न होता तिथे मराठीत ण आला, मानुष चं माणूस, जन चं जण, स्थान चं ठाणं (हिंदीत थाना), नवनीत चं लोणी, पानीय चं पाणी. आणि संस्कृतात जोडाक्षरातला ण होता तिथे मराठीत न आला, कर्ण चा कान, पर्ण चं पान, सुवर्ण चं सोनं, अरण्य चं रान. म्हणजे मराठीत पान आणि पाणी हे दोन शब्द ऐकल्याबरोबर कळतं की यांची घराणी वेगळी आहेत. हिंदीत पान आणि पानी शेजारी ठेवले तर कुणालाही वाटेल की एकाचंच दुसरं झालंय, विड्याचं पान पर्ण वरून आणि पानी पानीय वरून हे नुसतं बघून कळायचा मार्गच नाही. मराठी येणाऱ्या माणसाच्या हातात ही किल्ली आयतीच असते आणि आपण ती वापरत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता लिंग. शिकागोवरच प्लॅट्सचा १८८४ चा उर्दू-हिंदी कोश आहे आणि काशीच्या नागरी प्रचारिणी सभेचा, श्यामसुंदर दासांच्या संपादनाखाली झालेला हिंदी शब्दसागर पण आहे. दोन्हीत पानी पुल्लिंगी आणि दोन्हीत मूळ पानीय. शब्दसागर तर सरळ "संज्ञा पुं०" लिहून पुढे चौकटी कंसात संस्कृत रूप देतो, आणि मग मुहावरे. पानी पानी होना, पानी फेरना, पानी भरना, वाचत बसलं तर संध्याकाळ जाईल. प्लॅट्समधे प्रत्येक नोंदीच्या आधी एक अक्षर असतं, शब्द हिंदी घरचा की संस्कृत की फारसी की अरबी ते सांगणारं, हे फार सोयीचं आहे, फक्त शब्द आधी उर्दू लिपीत दिलाय म्हणून घाबरू नका, शेजारी देवनागरी असते.

हे सगळं शेजारी शेजारी ठेवलं की "ठंडी पानी"चं उत्तर आपोआप सापडतं. नदी, रोटी, लकड़ी यांच्यातली ई स्त्रीलिंगी घराण्यातली आहे. पानी मधली ई तशी नाहीच, ती पानीय मधल्या ईय चं उरलेलं रूप आहे. घी आलं घृत वरून, दही दधि वरून, मोती मौक्तिक वरून, हाथी हस्तिन् वरून, म्हणजे प्रत्येकाची ई वेगळ्या वाटेने आलीये आणि एकातही स्त्रीलिंगाचा संबंध नाही. पानीय, घृत, दधि, मौक्तिक हे संस्कृतात नपुंसकलिंगी. हिंदीत नपुंसकलिंग उरलंच नाही, त्यातले बहुतेक शब्द पुल्लिंगात गेले. मराठीत ते उरलंय. ते पाणी, ते दूध, ते दही, ते घर, ते फूल, ते फळ. आणि हिंदीत पानी, दूध, दही, घर, फूल, फल सगळे पुल्लिंगी. म्हणजे मराठी मुलाला सांगायचं की जुना घरगुती शब्द मराठीत "ते" असेल तर हिंदीत बहुतेक करून पुल्लिंगी धर. अपवादांची यादी पाठ करण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे, आणि माझ्या शिकवणीतल्या मुलांना हे एकदा सांगितलं की ती स्वतःच शब्द आणून तपासून बघायला लागतात. पुस्तक मात्र या नियमात बसत नाही, संस्कृतात आणि मराठीत नपुंसक, हिंदीत स्त्रीलिंगी. आत्मा पण तसाच, संस्कृत मराठीत पुल्लिंगी आणि हिंदीत स्त्रीलिंगी. अग्नि पुल्लिंगी होता, त्याची आग हिंदीत आणि मराठीत दोन्हीकडे स्त्रीलिंगी झाली. म्हणून मूळ बघून लिंगाचा अंदाज करा आणि मग शब्दसागरमधे एकदा खात्री करा, दोन मिनिटांचं काम आहे.

समासात काय होतं तेही या कोशांत नजरेत येतं. हिंदीत पहिलं पद आखूड होतं, पनघट, पनचक्की, पनबिजली, पनडुब्बी. मराठीत आ टिकतो आणि शेवटची ई जाते, पाणवठा, पाणलोट, पाणबुडी, पाणकोंबडी, पाणघोडा.

मराठीसाठी शिकागोवर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती आहे आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, १९३२ पासून निघालेला. पाणी साठी दोन्ही उघडा. मोल्सवर्थमधे अर्थ इंग्रजीत आणि नेमके, तलवारीचं पाणी, मोत्याचं पाणी, माणसाच्या अंगातलं पाणी हे सगळं तिथे आहे. जुनं शुद्धलेखन मात्र सांभाळा, करणें, पाण्यांत असे अनुस्वार असतात आणि आजच्या पद्धतीने शोधलं तर काही शब्द हाती लागत नाहीत, अनुस्वार देऊन परत शोधायचं. दाते-कर्व्यांमधे सगळं मराठीतच, मूळ देवनागरीत, आणि वाक्प्रचारांसाठी त्याच्यासारखा दुसरा कोश नाही. जुन्या मराठीसाठी तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा १९९९ चा कोश पण तिथेच आहे, ज्ञानेश्वरी किंवा लीळाचरित्र वाचणाऱ्यांनी तो बुकमार्क करून ठेवावा.

कमी काय पडतं? रूपं. हिंदीत पानी में, पानी को, काही बदलत नाही. मराठीत पाण्यात, पाण्याला, पाण्याचा. हे "पाण्या" कुठून आलं ते यातला एकही कोश सांगत नाही. मराठीची सामान्यरूपं संस्कृत-प्राकृतच्या षष्ठीतून आली असं अभ्यासक मानतात, पानीयस्य, मग पाणियस्स, मग पाण्या, म्हणजे मूळ शब्दातला य आपण अजून "पाण्यात" म्हणताना उच्चारतो! पण हे कळायला व्याकरणाचंच पुस्तक लागतं, मोरो केशव दामल्यांचं १९११ चं व्याकरण काढून बसावं लागतं. कोशांनी निदान सामान्यरूप दिलं असतं तर मराठी शिकणाऱ्या बाहेरच्या लोकांची केवढी सोय झाली असती. दुसरी उणीव संक्षेपांची. टर्नरमधे भाषांची नावं एकदोन अक्षरांत आहेत आणि ती यादी आधी वाचली नाही तर नोंद नुसती अक्षरांची गर्दी वाटते, तेव्हा दहा मिनिटं काढून प्रस्तावनेतले संक्षेप वाचाच. उच्चार ऐकायची सोय कुठेही नाही. आणि हे जुने कोश असल्यामुळे आजचे शब्द शोधायला इथे येऊ नका, ते त्यांचं कामच नाही.

मार्क द्यायचेच तर कोलोनला पाचपैकी साडेचार, स्कॅनच्या पानांसाठी अर्धा जास्तीचा धरून. शिकागोला पाच, एकट्या टर्नरसाठी चार दिले असते. कोलोनचा रोजचा वापर आणि टर्नर दोन्हीला इंग्रजी लागतंच, पण इंग्रजीची अडचण असेल तर शिकागोवरचे हिंदी शब्दसागर आणि दाते-कर्वे हे दोनच उघडा, दोन्ही आख्खे देवनागरीत आहेत, दोन्हीत लिंग नोंदीच्या सुरुवातीलाच आहे आणि कंसात मूळ शब्द आहे. पाणी झालं की पुढे दही, लोणी, सोनं हे तीन दोन्हीकडे शोधून बघा, प्रत्येकात लिंग आणि मूळ काय दिलंय ते शेजारी शेजारी लिहून काढा, आणि मुलं घरात असतील तर त्यांनाच टाइप करायला बसवा.